वाचकांचे प्रश्न : स्लीपला टाकलेला कॉम्प्युटर परत चालू का होतो?

ह्या महिन्यात आलेल्या प्रश्नांत एकच तक्रार परत परत दिसली म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि हे सगळे एकत्र घेतलेत. कॉम्प्युटर स्लीपला टाकला तर तो स्लीपमधे राहत नाही, मधेच उठतो नाहीतर सकाळी चालूच सापडतो, ही ती तक्रार. बहुतेकांनी लिहिलंय की दुकानात दाखवला आणि फॉरमॅट मारून आणला, पैसे गेले आणि आठवड्याने परत तेच. मला ह्याचंच वाईट वाटतं. आपल्याला कोणी उठवलं हे विंडोज बहुतेक वेळा स्वतःच लिहून ठेवतं, ते आधी वाचायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा, एवढं केलं तरी ह्यातले कितीतरी कॉम्प्युटर घरच्या घरी दुरुस्त होतील.

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचं काम करतो. फाईल मोठी असते, उघडायलाच टाईम जातो म्हणून रात्री जाताना डिझाईन उघडंच ठेवून कॉम्प्युटर स्लीपला टाकतो. सकाळी येऊन बघावं तर चालूच, फॅन गरगर फिरतोय. कधी कधी तर खुर्चीवरून उठायच्या आत स्क्रीन परत लागतो. काय होलालंय काही कळंना झालंय. विंडोज १० आहे, दोनदा फॉरमॅट करून झालं. मालक म्हणतात लाईट बिल कोण भरणार. एक सांगायचं राहिलं, माग बंद असले की सुट्टीच्या दिवशी मात्र गप झोपलेला असतो.

उत्तर : दादा, तुम्ही जे सांगायचं राहिलं म्हणून शेवटी लिहिलंय ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. माग चालू असले की जागा आणि माग बंद असले की झोपलेला, म्हणजे माझा पहिला संशय तुमच्या माऊसवर आहे. पण संशयावर जायचं नाही, कॉम्प्युटरलाच विचारू.

सकाळी आल्या आल्या, दुसरं काही करायच्या आधी, स्टार्ट दाबून सी-एम-डी टाईप करा, कमांड प्रॉम्प्ट दिसेल त्यावर राईट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर घ्या. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी सगळं जोडून लिहा, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ, ती प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती घ्यायची, उलटी नाही, आणि तिला चिकटून लास्टवेक, लास्ट आणि वेक मधे जागा न सोडता. एंटर मारलं की शेवटचं कोणी उठवलं त्याचं नाव येतं. तिथं एचआयडी कंप्लायंट माऊस असं आलं तर संशय खरा. नुसतंच यूएसबी रूट हब आलं तरी माऊस, कीबोर्ड किंवा यूएसबीला लावलेलंच काहीतरी आहे एवढं कळतं.

आता मागाचा आणि माऊसचा संबंध काय ते सांगते. आपला हा ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराच्यावर फोटो काढतो आणि आधीच्या फोटोत आणि आत्ताच्या फोटोत फरक पडला की माऊस हलला असं समजतो. कॉम्प्युटर झोपला तरी बऱ्याच डेस्कटॉपमधे यूएसबीला थोडा करंट चालूच असतो, तुम्ही स्लीपला टाकून माऊस उचलून बघा, खालचा लाल दिवा मंद झालेला असेल पण विझलेला नसेल. म्हणजे माऊस जागाच आहे. आता टेबल भिंतीला टेकलेलं, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट, ते कंप टेबलात उतरतात आणि माऊस केसाएवढा जरी सरकला तरी कॉम्प्युटरला वाटतं माणूस आला. त्यात टेबलावर गुळगुळीत सनमायका असेल तर सेन्सर आणखीनच गडबडतो. आणि तुमच्याकडे टॉवेलचा कारखाना आहे, तूस सगळीकडे उडते, तर माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात नीट बघा, एखादा बारीक पांढरा तंतू अडकलेला असतो आणि टेबल हललं की तो त्या लाल उजेडात थरथरतो. एवढासा तंतूसुद्धा पुरतो. चिमट्याने काढा, फुंकर मारू नका, ओल आत जाते.

खात्री करायची तर एक रात्र माऊस काढूनच ठेवा. आधी माऊसची वायर काढा, मग कीबोर्डवरून स्लीप करा, विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबायचं, सोडायचं, मग यू, मग एस. उलटं करू नका, झोपल्यावर वायर उपटली तर त्या धक्क्यानेच काही कॉम्प्युटर उठतात. सकाळी झोपलेला सापडला तर प्रश्न संपला. मग डिव्हाईस मॅनेजर उघडा, माईस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस मधे तुमचा माऊस, त्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि अलाऊ धिस डिव्हाईस टू वेक द कॉम्प्युटर ह्याची टिक काढा. माऊस दोन-तीनदा दिसला तर सगळ्यांची काढा. कीबोर्डची मात्र राहू द्या, सकाळी एक बटण दाबून उठवायला तो लागेल. वायरलेस सेट असेल तर थोडं बघून करा कारण एकाच रिसिव्हरवर दोन्ही चालतात. आणि दोनदा फॉरमॅट करून फरक का पडला नाही तेही ह्यातच आलं, नवीन विंडोज टाकलं की माऊसला उठवायची परवानगी साधारणपणे परत आपोआप मिळते, म्हणजे दर वेळेस तुम्ही पैसे देऊन तीच टिक परत लावून आणताय.

खुर्चीतून उठायच्या आत स्क्रीन लागतो त्याला हेच कारण असू शकतं, हात अजून माऊसवरच असतो. पण कारखान्यात तीन-चार कॉम्प्युटर लॅनने जोडलेले असतील तर नेटवर्क कार्डही तपासा. त्याच काळ्या खिडकीत तिरक्या रेघेनंतर डिव्हाईसक्वेरी, स्पेस, वेक अंडरस्कोअर आर्म्ड असं लिहिलं की उठवायचा अधिकार कोणाकोणाला आहे त्याची यादीच येते. त्यात इथरनेट कार्ड असेल तर ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणी तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरला किंवा प्रिंटरला नुसती हाक मारली तरी तुमचा कॉम्प्युटर उठू शकतो. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधे ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट अशी टिक आहे ती लावा. मॅजिक पॅकेट म्हणजे मुद्दाम उठवण्यासाठीच पाठवलेला संदेश, त्यात आधी ६ वेळा एफएफ आणि मग त्या कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, १६ वेळा असतो, तो चुकून कोणी पाठवत नाही.

मालकांच्या लाईट बिलाचं म्हणाल तर त्यांची तक्रार खोटी नाहीये. समजा तुमचा कॉम्प्युटर नुसता चालू राहून ६० वॅट घेतो, रात्रीचे १२ तास धरले तर पाऊण युनिटच्या आसपास एका रात्रीला, महिन्याला २१-२२ युनिट. स्लीपमधे डेस्कटॉप दोन-चार वॅटवर असतो, महिन्याला एक-दीड युनिट. आणि स्लीपला टाकायच्या आधी डिझाईन सेव्ह करत जा, प्लीज. का ते पुढे मार्केट यार्डाच्या प्रश्नात वाचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. कॉम्प्युटर बेडरूममधेच आहे. रात्री बरोबर दोनच्या सुमाराला डब्याचा निळा दिवा लागतो आणि पंखा फिरायला लागतो, सौ. दचकून उठतात. नातू म्हणतो आजोबा, व्हायरस आहे, कोणीतरी बाहेरून चालवतंय. हे खरं का? बँकेचं सगळं त्यावरच बघतो हो.

उत्तर : काका, तुम्ही दोनची वेळ लिहिलीत ते फार बरं केलंत. विंडोजच्या स्वतःच्या साफसफाईची, म्हणजे ऑटोमॅटिक मेंटेनन्सची, मुळात ठरवून दिलेली वेळच रात्रीची २ आहे. त्यामुळे आधी काकूंना सांगा की घाबरू नका, बहुतेक घरातलंच काम आहे. तरी बँकेचा विषय आहे तर नुसत्या माझ्या शब्दावर राहू नका, नोंद बघून घ्या.

स्टार्टमधे इव्हेंट व्ह्युअर टाईप करा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग आहे त्यात इव्हेंट सोर्स पॉवर-ट्रबलशूटर निवडा. प्रत्येक वेळेस कॉम्प्युटर उठला त्याची एकेक नोंद दिसेल, खाली स्लीप टाईम, वेक टाईम आणि वेक सोर्स. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा नाहीतर घोळ होतो, हा खालचा टाईम आपल्या घड्याळाचा नसतो, ग्रीनिचचा असतो, त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे वेक टाईम आदल्या तारखेला २०:३० दिसला तर तेच आपले रात्रीचे दोन. आणि वेक सोर्समधे टायमर असा शब्द आणि पुढे विंडोजच्या कामाचं नाव असेल तर बाहेरचं कोणी नाही, ठरलेल्या वेळेला विंडोजनेच स्वतःला उठवलंय.

आता बंद करायचं. कंट्रोल पॅनल, सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, मेंटेनन्स, चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज, तिथं ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर उठवायची परवानगी आहे ती टिक काढा आणि वेळही दुपारची करून टाका, तुम्ही जेवून पडता तेव्हा चालू दे त्याचं काम. मग पॉवर ऑप्शन्समधे चेंज प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, स्लीप, अलाऊ वेक टायमर्स, ते डिसेबल करा. तिथं इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली असाही एक पर्याय दिसतो, तो घेऊ नका, अपडेटनंतर रीस्टार्ट करायला उठणं त्यात चालूच राहतं. मात्र नातू म्हणाला म्हणून अपडेट पूर्ण बंद करू नका, बँकेचं काम करणाऱ्या कॉम्प्युटरला अपडेट लागतातच, फक्त ते दिवसा होऊ द्या. आणि नातवाला ही नोंद तुमच्या शेजारी बसून वाचायला लावा, त्याने शंका काढली हे चांगलंच केलं, शंका कशी तपासायची तेही शिकेल.

प्रश्न : ताई, मी मोहोळहून रोज एसटीने केगावला विद्यापीठात येते. लॅपटॉपचं झाकण लावून बॅगेत टाकते आणि उतरल्यावर बॅग पाठीला चटके देते इतकी गरम असते, चार्जिंग पण निम्मं उडालेलं. सर्व्हिसवाले म्हणाले बॅटरी बदलावी लागेल. लॅपटॉप अजून जुना पण नाहीये. घरी एवढे पैसे परत मागायचे म्हणजे जीवावर येतं.

उत्तर : थांब, पैसे मागू नकोस एवढ्यात.

नवीन लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्वीसारखे झोपत नाहीत. पूर्वी एस३ नावाची झोप होती, रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, ती सोडून जवळजवळ सगळंच बंद. आता बऱ्याच लॅपटॉपमधे मॉडर्न स्टँडबाय असतं, मोबाईलची स्क्रीन बंद केल्यासारखं, वरून काळं पण आत मेल, वायफाय, अपडेट चालू राहू शकतं. नीट चाललं तर फार चार्जिंग खात नाही, पण एखादं ॲप किंवा ड्रायव्हर झोपू देत नसेल तर लॅपटॉप बंद बॅगेत जागाच राहतो, हवा खेळत नाही, आणि आपल्याकडचा एप्रिल-मेचा ४० च्या वरचा पारा, वर एसटीतली गर्दी. तुझा कोणता प्रकार आहे ते बघायला काळ्या खिडकीत पहिल्या उत्तरात सांगितलेला पॉवरसीएफजी हा शब्द, स्पेस, तिरकी रेघ आणि नुसतं ए. उत्तरात वरच्या, म्हणजे उपलब्ध असलेल्या यादीत एस० लो पॉवर आयडल दिसलं तर हेच, खालच्या उपलब्ध नसलेल्यांच्या यादीत दिसलं तर नाही.

उपाय सरळ आहे, झाकण लावल्यावर स्लीप नको, हायबरनेट कर. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज, तिथं बॅटरी आणि चार्जर दोन्हीकडे हायबरनेट. यादीत हायबरनेटच नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत तिरकी रेघ एच, स्पेस, ऑन अशी कमांड दे, मग येतं. ह्यात उघडलेलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, उघडताना थोडे सेकंद जास्त लागतात पण तुझा प्रोजेक्ट होता तिथेच असतो. आणि झाकण लावल्यावर लगेच बॅगेत कोंबू नकोस, दिवा विझेपर्यंत थांब.

बॅटरीचं खरंखोटंही तूच तपास. तिरक्या रेघेनंतर बॅटरीरिपोर्ट असं जोडून लिहिलं की एक फाईल तयार होते, ती ब्राऊझरमधे उघडते. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघ. जवळजवळ सारखे असतील तर बॅटरी चांगली आहे, बदलायची काही गरज नाही. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर सर्व्हिसवाले बरोबर बोलतायत. तसंच स्लीपस्टडी लिहिलंस तर झोपेत कोणत्या गोष्टीने चार्जिंग खाल्लं तेही कळतं. हे कागद हातात घेऊन दुकानात जा, बोलणंच वेगळं होतं.

प्रश्न : मार्केट यार्डात आडत दुकानात हिशेबाला आहे. संध्याकाळी स्लीपला टाकून जातो, यूपीएस आहे. सकाळी कॉम्प्युटर चालू असतो, पण अर्धवट केलेल्या पट्ट्या उघड्या ठेवलेल्या त्या गायब. माऊस काढून ठेवून बघितला, टायमर बंद केले, काही फरक नाही. कांद्याच्या सीझनला शेतकरी समोर उभा असतो ओ, त्याला काय सांगू पट्टी उडाली म्हणून?

उत्तर : दादा, तुमचा कॉम्प्युटर झोपेतून उठतच नाहीये, तो रात्रीत मरून परत चालू होतोय. झोपेतून उठला असता तर पट्ट्या उघड्या दिसल्या असत्या. माऊस आणि टायमरच्या मागे लागून म्हणूनच उपयोग झाला नाही.

माझ्या अंदाजाने होतं असं. स्लीपमधे तुमच्या पट्ट्या फक्त रॅममधे असतात आणि रॅमला थोडा तरी करंट अखंड लागतो. रात्री लाईट जाते, यूपीएस बॅटरीवर येतो. आता काही यूपीएसमधे अशी सोय असते की बॅटरीवर असताना लोड अगदीच कमी दिसला तर कोणी वापरत नाही असं समजून थोड्या वेळात स्वतःच बंद व्हायचं, बॅटरी वाचावी म्हणून. झोपलेला कॉम्प्युटर दोन-चार वॅटच घेतो, यूपीएसला तो दिसतच नाही. किंवा सरळ बॅटरीच बसलेली असेल, सोलापूरच्या उन्हात बंद दुकानात ठेवलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर बसतात. कसंही झालं तरी रॅम पुसली गेली. मग पहाटे लाईट येते आणि बायॉसमधे, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमधे, करंट आला की चालू हो असं लावलेलं असतं, त्याने कॉम्प्युटर नव्याने चालू होतो आणि सकाळी तुम्हाला वाटतं झोपेतून उठला.

खात्री करायला इव्हेंट व्ह्युअरमधे त्याच सिस्टिमच्या लॉगमधे कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१ शोधा, नीट बंद न होता चालू झाला असा त्याचा अर्थ. दुसरी खूण, टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथं अप टाईम दिसतो, तो दोन-तीन तासच दाखवत असेल तर पहाटेच चालू झालाय. यूपीएसची परीक्षा दिवसा घ्या, सगळं सेव्ह करून बंद करा, कॉम्प्युटर स्लीपला टाका आणि भिंतीवरचं बटण बंद करून पंधरा-वीस मिनिटं यूपीएसकडे बघत बसा. स्वतःहून विझला की कारण सापडलं.

मग करायचं काय तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्डमधे स्लीपखाली अलाऊ हायब्रिड स्लीप आहे का बघा आणि ऑन करा. ह्यात झोपताना रॅममधलं डिस्कवरही लिहिलं जातं, लाईट गेली तरी चालू केल्यावर पट्ट्या परत येतात. तो पर्याय नसेल तर रात्री सरळ हायबरनेट. बायॉसमधलं ते सेटिंग मात्र दुकानात कोणी बाहेरून कॉम्प्युटर वापरत असेल तर विचारल्याशिवाय बदलू नका, मुद्दाम लावलेलं असू शकतं. आणि सीझनच्या दिवसांत प्रत्येक पट्टी झाली की सेव्ह, मगच पुढचा शेतकरी. त्याचे पैसे त्या कागदावर आहेत, तिथं हयगय नको.

प्रश्न : माझं उलटं आहे. अर्ध्या तासाने आपोआप स्लीपला जा असं लावलंय तरी कॉम्प्युटर जातच नाही. हाताने टाकला तर झोपतो. (होटगी रोड)

उत्तर : कोणतातरी प्रोग्राम त्याला धरून ठेवतोय. ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्पेस आणि तिरक्या रेघेनंतर रिक्वेस्ट्स लिहा. डिस्प्ले, सिस्टिम वगैरे मथळे येतील आणि त्याखाली नन, किंवा धरून ठेवणाऱ्याचं नाव. बऱ्याचदा ब्राऊझर निघतो, कुठल्यातरी टॅबमधे व्हिडिओ किंवा आवाज चालू राहिलेला असतो. एसआरव्हीनेट दिसलं तर घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरने किंवा टीव्हीने तुमच्याकडची शेअर केलेली फाईल उघडून ठेवलीये. ते बंद करा आणि कमांड परत द्या, सगळीकडे नन आलं की अर्धा तास हात न लावता सोडून बघा.